इटलीहून आलेला खंजीर आणि बासष्ट हजार रुपये

प्रश्न : काका, मी कराडजवळ एका कारखान्यात सुपरवायझर आहे. वडील फौजेत होते, त्यामुळे लष्करी वस्तूंचं वेड लहानपणापासून. सांगलीत एका गृहस्थांकडे जर्मन खंजीर विकायला आहे. त्यांचे आजोबा मराठा पलटणीत होते. इटलीत एका जर्मन अधिकाऱ्याकडून त्यांनी तो हिसकावला आणि लढाई संपल्यावर घरी आणला, असं ते सांगतात. दर खंडेनवमीला त्याची पूजा होते. पातं आरशासारखं चकचकीत आहे. एका बाजूला जर्मन वाक्य आहे. दुसऱ्या बाजूला वर्तुळात आर झेड एम, पुढे एम ७/६६ आणि १९४१. त्याच बाजूला अर्न्स्ट ऱ्योम अशी सही. मूठ तपकिरी लाकडाची, किंचित हलते, त्यात गरुड बसवलेला. म्यानावर गंज आहे. आजोबांचे कागद २०१९ च्या महापुरात गेले म्हणतात. किंमत ६२ हजार. कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक मागे लागलंय, म्हणून रविवारपर्यंत १० हजार इसार मागतायत. बोनसचे पैसे बाजूला ठेवलेत, घरी अजून बोललो नाही. फोटो पाठवले आहेत. घेऊ का?
– कराडचा एक वाचक

उत्तर :

इसार देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र रविवारच्या आत वाचा.

तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत पात्याच्या एकाच बाजूला ऱ्योमची सही आहे आणि १९४१ हे सालही आहे. या दोघांची गाठ पडणं शक्य नाही. हा ऱ्योम म्हणजे नाझी पक्षाच्या एसए या तपकिरी सदरेवाल्या संघटनेचा प्रमुख. एसएचा हा खंजीर १९३३ च्या शेवटी आला आणि १९३४ च्या सुरुवातीला ऱ्योमने जुन्या कार्यकर्त्यांना स्वतःच्या सहीचा मजकूर कोरलेले खंजीर दिले. ३० जून १९३४ ला हिटलरने आपल्याच माणसांची कत्तल आरंभली आणि १ जुलैला ऱ्योमला गोळी घातली. मग हुकूम निघाला, त्याचं नाव पात्यावरून घासून काढा. बहुतेकांनी मुकाट्याने काढलं. म्हणून सही शाबूत असलेलं पातं दुर्मीळ, म्हणून ते महाग, आणि म्हणून नकली माल करणाऱ्याला ती सही फार प्रिय.

आता दुसरी खूण. आर झेड एम म्हणजे पक्षाचं साहित्य-खरेदी खातं. सुरुवातीच्या खंजिरांवर कारखान्याचं नाव आणि त्याचं चिन्ह असायचं. वर्तुळातला हा शिक्का आणि एम ७ ने सुरू होणारे क्रमांक ऱ्योम मेल्यानंतरच्या काळात आले. एम ७/६६ हा झोलिंगेन या जर्मनीतल्या पात्यांसाठी प्रसिद्ध शहरातल्या कार्ल आइकहॉर्न या कारखान्याचा क्रमांक, ज्याचं चिन्ह खार होतं. म्हणजे प्रत्येक खूण वेगवेगळी पाहिली तर खरी आहे. पण १९३४ साली मेलेल्या माणसाने १९४१ च्या खरेदीखतावर सही केलेली तुम्हाला दाखवली, तर तुम्ही त्या जमिनीचा इसार द्याल का? हेही तसंच.

एक शक्यता मात्र सोडून देता येत नाही. खंजीर १९४१ चा खरा असेल आणि मधल्या कुणा शहाण्याने भाव वाढवायला वरून सही कोरली असेल. असं करणारे आहेत, आणि त्यात चांगल्याभल्या वस्तूचं मातेरं होतं. पण तुमच्या बाबतीत तसं झालेलं वाटत नाही. का ते पुढे येईलच. त्याआधी आजोबांबद्दल बोलू, कारण तुम्ही अडकलात ते तिथे.

मराठा पलटणी इटलीत होत्या, यात शंकाच नाही. यशवंत घाडगे यांना १९४४ च्या जुलैतल्या आणि नामदेव जाधव यांना १९४५ च्या एप्रिलमधल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते इटलीतच. सातारा-सांगलीकडच्या माणसाला ‘आजोबा इटलीत होते’ हे वाक्य ऐकून संशय येत नाही, आणि येऊही नये. आपल्याकडे अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे आणि त्या नावाचं कुणाला नवल वाटत नाही. आपण सगळे मूळचेच भाबडे आहोत असं नाही. आपल्या भागात असल्या गोष्टी दहातल्या सात वेळा खऱ्या निघतात, आणि आठव्या वेळी आपण बेसावध असतो.

पण आजोबा खरे असले म्हणून खंजीर खरा होत नाही. शिवाय इथे गोष्टच जरा लंगडते आहे. हा खंजीर गणवेशाबरोबर मिरवायचा, आणि तो पक्षाच्या संघटनेचा. जर्मन सैन्याच्या अधिकाऱ्यांचा खंजीर वेगळा, १९३५ पासूनचा, पांढऱ्या किंवा नारिंगी पिवळ्या मुठीचा, आणि तोही समारंभाला लावायचा. इटलीच्या डोंगरात, चिखलात लढणाऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेला एसएचा खंजीर असणं म्हणजे नांगरणीला जाताना फेटा आणि शेला घेऊन जाण्यासारखं. असे खंजीर मोठ्या संख्येने हाती लागले ते १९४५ मध्ये खुद्द जर्मनीत शिरलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश सैनिकांच्या, घराघरांतून आणि कोठारांतून. आपले लोक जर्मनीत लढायला गेले नव्हते. इटलीतल्या छावणीत कुणी कुणाशी सिगारेटच्या बदल्यात खंजीर घेतला असेल, तेही घडू शकतं. पण ‘जर्मन अधिकाऱ्याकडून हिसकावला’ हे वाक्य मी तरी सोडून देईन.

कागद महापुरात गेले, हे खरं असू शकतं. २०१९ ला माझ्या ओळखीतल्या किती घरांत लग्नाचे फोटोसुद्धा उरले नाहीत. पण पलटणीचे कागद एकट्या घरात नसतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला लिहिता येतं. पदकं तर पुरात विरघळत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना पदकं बिननावाची मिळाली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर नाव आणि नंबर ठोकलेला असायचा. इटलीत गेलेल्याला इटली स्टार मिळायचा. तो मागा. मागे आजोबांचं नाव दिसलं, तर गोष्टीचा पहिला अर्धा भाग पक्का. मात्र दुसऱ्या अर्ध्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे त्याच क्षणी स्वतःला बजावा, कारण पदक बघून डोळ्यांत पाणी आलं की माणूस पाकिटाला हात घालतो. माझं झालंय.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका आठवडी बाजारात, जुन्या भांड्यांच्या ढिगाशेजारी, मला लांब इंग्रजी संगीन दिसली. पातं सतरा इंची, मधे पन्हळ, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. मुठीजवळ पात्यावर मुकुट, त्याखाली जी आर (राजा जॉर्जची अक्षरं), त्याखाली स्पष्ट १९०७. विकणाऱ्याने सांगितलं, पणजोबा कुतच्या वेढ्यात होते, तिथली ही. कुत-अल-अमारा म्हणजे आजच्या इराकमधलं गाव. पुण्याची सहावी डिव्हिजन तिथे १९१५ च्या डिसेंबरापासून अडकली, माणसं घोडी खाऊन जगली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. त्यात मराठा पलटणी होत्या. माझ्या आजीच्या माहेरचं कुणीतरी त्यात गेलेलं, म्हणून मी गहिवरलो आणि साडेचार हजार मोजले. तेव्हाचे साडेचार हजार.

घरी येऊन दिव्याखाली धरली. १९०७ च्या खाली बारीक ठोकलेलं होतं, ११ आणि १७. मग शोधाशोध केल्यावर कळलं की १९०७ हे ती बनवल्याचं साल नव्हेच. ते त्या नमुन्याचं साल. त्या नमुन्याच्या प्रत्येक संगिनीवर ते असतं. बनवल्याचा महिना आणि साल त्याखाली असतो. माझी संगीन नोव्हेंबर १९१७ ची. कुत पडून दीड वर्ष झाल्यावर ती कारखान्यातून बाहेर आली. लोखंड अस्सल, गोष्ट खोटी. तुमच्याकडे बहुधा उलटं आहे, आजोबा अस्सल आणि लोखंड खोटं. म्हणून म्हणतो, या दोघांचा निवाडा वेगवेगळा करायचा. एकाची साक्ष दुसऱ्याच्या खटल्यात चालत नाही.

विकणारा खोटारडा होता असंही मला आज वाटत नाही. पणजोबा कुतला असतील, संगीन मागाहून कुठूनतरी घरात आली असेल, आणि दोन पिढ्यांनी दोन्ही एकत्र बांधून टाकलं असेल. घराण्यात असंच होतं. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली तेव्हा मीही रांगेत उभा होतो. ती ज्या पेटीत होती, तिच्यावर लेख आहे की साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या पंतप्रधानाने दिली. एवढी मोठी पेटी, एवढं मोठं नाव, आणि तरी शिवरायांनी वापरली ती हीच का, हे खात्रीने सांगता येत नाही, असं ती जपणारं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतःच सांगतं. तिथे कुणाच्या श्रद्धेचा अपमान होत नाही. जे ठाऊक आहे ते आणि जे ऐकीव आहे ते, एवढंच वेगळं ठेवलं जातं. सांगलीच्या गृहस्थांकडून तेवढी अपेक्षा करायला हरकत नाही.

आता खंडेनवमीकडे वळू, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा पुरावा तोच आहे आणि तो विकणाऱ्याने स्वतःहून दिलाय.

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांचं काय करतात? आई-आजी चिंचेच्या कोळाने, राखेने, रांगोळीने घासून लख्ख करतात. वर हळद-कुंकू, झेंडूची फुलं. असं सत्तर-ऐंशी वर्षं झालं तर पात्याचं काय होईल? आम्लाने कोरलेली अक्षरं उथळ असतात, ती पुसट होतील. मधल्या कण्याची कड बोथट होईल. मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या पट्टीच्या सांध्यात, गरुडाच्या पंखांच्या खाचांत, कुंकवाचा काळपट लाल थर बसेल, तो सहसा निघत नाही. मुठीच्या लाकडावर तेल मुरून काळेपणा येईल. तुमच्या फोटोत अक्षरं काल छापल्यासारखी धारदार आहेत, खाचा कोरड्या आणि स्वच्छ, आणि पातं आरसा. पूजेचं एकही चिन्ह नाही. गंज कुठे आहे? म्यानावर, बाहेरून, सगळीकडे सारखा, विटकरी रंगाचा. जुना गंज काळपट असतो, ठिकठिकाणी असतो, नखाने खरवडून निघत नाही आणि त्याखाली लोखंडाला खड्डे पडलेले असतात. सिमेंटच्या पिंपात मीठ आणि व्हिनेगर टाकून पंधरा दिवसांत आणलेला गंज बोटाला लागतो. हात पुसून बघा म्हणावं.

आमच्या सांगलीत हळदीच्या सौद्यात मुरलेला व्यापारी पॉलिश केलेल्या हळकुंडाकडे बघतही नाही. मोडतो आणि आतला रंग बघतो. खंजीर मोडता येत नाही, पण त्याचं आतलं जिथून दिसतं अशा दोन-चार जागा असतात, तिथेच बघायचं. बाहेरची नक्षी, गरुड, अक्षरं यांवर नकली माल करणाऱ्याने महिना घालवलेला असतो. लाकूड जिथे धातूला भेटतं तिथे त्याने कंटाळा केलेला असतो.

त्या सांध्यापासून सुरुवात करा. झोलिंगेनच्या कारागिरांनी प्रत्येक मूठ हाताने बसवली. लाकूड आणि पट्टी यांची कड बोट फिरवलं तर जाणवू नये अशी लागते. लाकूड आटल्याने केसभर फट पडू शकते, पण तुमच्या चौथ्या फोटोत लाकूड पट्टीच्या बाहेर आलंय आणि एका बाजूला डिंकासारखं काहीतरी चमकतंय. गरुड लाकडात घट्ट कोंदलेला हवा. तुमचा गरुड खड्ड्यात ठेवल्यासारखा दिसतो. तुम्हीच लिहिलंय की मूठ किंचित हलते.

मग धातू. आधीच्या वर्षांत मुठीच्या पट्ट्या निकेल सिल्व्हरच्या होत्या (नावात चांदी, अंगात तांबं, निकेल आणि जस्त). पुढे जस्तावर निकेलचा मुलामा आला. १९४१ चं साल खरं मानलं तर मुलाम्याची पट्टी हवी, आणि जस्तावरचा मुलामा म्हातारपणी फुगतो, त्याला फोड येतात, पापुद्रे सुटतात. नवख्या माणसाला ते ओंगळ वाटतं आणि तो नको म्हणतो. जाणकार ते बघून खूश होतो. तुमच्या पट्टीला एक फोड नाही, उलट खालच्या कोपऱ्यात झिजून पिवळं दिसतंय. पिवळं म्हणजे पितळ. जस्त पिवळं नसतं.

पात्याचं तेच. मूळ पातं आरसा नसतं. चकचकीत असतं, पण भिंगाखाली मधल्या कण्यापासून धारेकडे जाणाऱ्या, केसाहून बारीक, आडव्या रेषा दिसतात, चाकावर पॉलिश करतानाच्या. क्रोमचा मुलामा दिलेल्या नव्या पात्यावर त्या नसतात, किंवा लांबीच्या दिशेने असतात. लांबीच्या दिशेने जे दिसायला हवं ते वेगळं. म्यानातून काढ-घाल झाल्याचे लांबट पुसट ओरखडे, दोन्ही बाजूंना. ऐंशी वर्षं म्यानात राहिलेल्या पात्यावर ते नसतील तर ते म्यान त्याचं नाही, किंवा ऐंशी वर्षं झालेली नाहीत. अक्षरांच्या तळाशी भिंग धरा. आम्लाने खाल्लेला तळ सारखा, करडा, खरबरीत असतो. यंत्राने कोरलेल्या अक्षरात टोकदार सुईची वळणं दिसतात, लेसरच्या अक्षरात तळाशी समांतर रेघा.

आणि म्यानाचे स्क्रू. हे मी शेवटी पाहिलं आणि हसू आलं. तुमच्या दुसऱ्या फोटोत म्यानाच्या तोंडाजवळ अधिकच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू आहे. खऱ्या म्यानाला एका सरळ खाचेचे, घुमटी डोक्याचे छोटे स्क्रू असतात. एखादा हरवल्यावर नवा बसवला असेल, म्हणून एवढ्यावरून मी फाशी दिली नसती. पण सही, पितळ, सैल गरुड, नवा गंज आणि हा स्क्रू, पाचही जण एकाच दिशेला बोट दाखवतात. म्हणून वर म्हटलं, खऱ्या पात्यावर खोटी सही मारलेला हा प्रकार नाही. अख्खी वस्तूच नवी आहे.

ती कुठे बनली ते मी सांगू शकत नाही. प्रतिकृती बनवणं हा काही गुन्हा नाही. डेहराडूनला तलवारी आणि खंजिरांच्या प्रतिकृतींचा उघड धंदा आहे, नाटक-सिनेमाला, युद्धाचे देखावे करणाऱ्यांना त्या लागतात. कारखान्यातून ती प्रतिकृती म्हणूनच निघते. तिसऱ्या किंवा चौथ्या हातात तिला आजोबा मिळतात. तुमच्या गृहस्थांनीही कदाचित ती कुणाकडून तरी खरी म्हणूनच घेतली असेल. त्यांच्याशी भांडू नका.

याहून अवघड एक जात आहे, तीही सांगून ठेवतो. युद्धानंतर झोलिंगेनच्या कारखान्यांत सुटे भाग उरले होते. खरी पाती, खऱ्या पट्ट्या. ते जोडून पुढे खंजीर तयार झाले आणि विकले गेले. तिथे भिंग काही बोलत नाही, कारण प्रत्येक भाग अस्सल असतो. तिथे फक्त झीज बोलते. मूठ झिजलेली आणि पातं कोरं, किंवा पट्टी काळवंडलेली आणि गरुड ताजा, असं दिसलं की समजायचं, हे एकत्र म्हातारे झालेले नाहीत.

जर्मन मालाचं एवढं पुराण सांगितलं खरं, पण माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या नव्या संग्राहकाने तिथून सुरुवात करू नये. सगळ्यात जास्त नक्कल त्याचीच होते, आणि तपासायला शेजारी धरायला खरा नमुना आपल्या हाताशी नसतो. शिवाय बैठकीत लावलात तर येणाऱ्या प्रत्येकाला गरुडाच्या पायातलं ते स्वस्तिक आपलं नव्हे, हे समजावत बसावं लागेल. पोरं शाळेत काय सांगतील तो भाग निराळा.

ब्रिटिश कमांडोंचा खंजीरही बऱ्याच जणांना हवा असतो. शांघायच्या पोलिसांत काम केलेल्या फेअरबर्न आणि साइक्स या दोघांनी तो आखला आणि १९४१ च्या सुमारास विल्किन्सन सोर्ड कंपनीने बनवायला घेतला. पहिल्या नमुन्याची आडवी पट्टी इंग्रजी एस सारखी वळलेली, दुसऱ्याची सरळ, आणि तिसऱ्याच्या मुठीवर आडव्या कड्या. हा तिसरा नमुना १९४३ चा, आणि तो आजही बनतो. म्हणजे कड्यांची मूठ दिसली की ‘महायुद्धातला’ हा शब्द विसरायचा, वेगळा पुरावा मिळेपर्यंत. कड्यांची मूठ आणि वळलेली पट्टी एकत्र दिसली तर तुमच्या ऱ्योमचाच भाऊ.

सुरुवात करायची तर इथल्या मातीत फिरलेल्या वस्तूंपासून करा. लष्करी कुकरी, बंगालातल्या इशापूरच्या कारखान्याच्या संगिनी. त्यांवर बाणाचं चिन्ह आणि त्याखाली इंग्रजी आय असतो, ती हिंदुस्थान सरकारच्या मालाची खूण. इशापूरच्या संगिनीवर आर एफ आय (रायफल फॅक्टरी इशापूर) अशी अक्षरं मिळतात. या गोष्टी निवृत्त सुभेदारांच्या घरी हातात घेऊन बघायला मिळतात. तुमच्या वडिलांच्या ओळखीत दहा घरं निघतील. विकत घेण्याआधी वीस खऱ्या वस्तू हातात घ्या. वजन, तोल, लाकडाचा वास, हे लिहून सांगता येत नाही. साताऱ्याचं संग्रहालय आहे, पुण्याचं केळकर संग्रहालय आहे, तिथे काचेतून का होईना जुनं लोखंड कसं दिसतं ते डोळ्यांत भरून घ्या. नक्षी बघू नका, सांधे बघा.

कायद्याचं थोडक्यात, पण कानाडोळा नको. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांत तलवार, खंजीर, संगीन यांची नावं आहेत, आणि घरगुती किंवा शेतीकामाच्या नसलेल्या, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचाही उल्लेख आहे. एसएच्या खंजिराचं पातं साधारण २२ सेंटीमीटर, म्हणजे ९ इंचांच्या जरा आत. पण ‘माझा आत बसतो’ हे हवालदाराला नाक्यावर समजावण्यापेक्षा घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारलेलं बरं. सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा शस्त्रबंदीचा आदेश लागतो तेव्हा असली वस्तू सांगलीहून कराडला गाडीत घालून नेणं म्हणजे आपणहून पाहुणचार मागणं. माझी संगीन सतरा इंची. घेतल्यावर वर्षभराने कुणीतरी हे कानावर घातलं आणि मग मी अर्ज आणि हेलपाटे दोन्ही केले. तुम्ही क्रम उलटा ठेवा. आणि शंभर वर्षं पूर्ण झालेल्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि परदेशी पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धातलं लोखंड आता त्या वयात आलंय.

आता व्यवहार. पुढे कधी कुणाकडूनही घ्याल तेव्हा चिठ्ठी लिहून घ्या. वस्तूचं वर्णन, ‘अमुक ते अमुक सालातली मूळ वस्तू’ हे शब्द, किंमत, तारीख, सही, आणि महिनाभरात नकली ठरल्यास पैसे परत. पैसे खात्यातून द्या, रोख नको. जो खरंच खरं विकतोय त्याला ही चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं लागतात. जो ‘विश्वास नाही का’ म्हणतो त्याला नमस्कार करून चहा संपवायचा. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाची काळजी करू नका. माझ्या तीस वर्षांत ते गिऱ्हाईक प्रत्येक सौद्यात होतं, कधी कोल्हापूरचं, कधी पुण्याचं, एकदा तर दुबईचं. मी त्याला अजून भेटलेलो नाही.

बोनसचं घरी सांगा. खंजीर घ्यायचा म्हणून नव्हे, नाही घेतला म्हणून सांगा. ते सोपं जातं.

रविवारी सांगलीला यायचंच असेल तर रिकाम्या हाताने येऊ नका. सराफ कट्ट्यावर ओळखीच्या सोनाराकडून दहापट दाखवणारं भिंग घ्या, एक लहान चुंबक घ्या. चुंबक पट्टीला लावा. निकेल सिल्व्हर असो की जस्त, घट्ट चिकटणार नाही. म्हणजे न चिकटल्याने काही सिद्ध होत नाही, पितळालाही ते चिकटत नाहीच. घट्ट चिकटलं तर मात्र एकच मार्ग उरतो, दरवाजाचा. खंजीर उघडून बघायचा हट्ट धरू नका, वस्तू दुसऱ्याची आहे. वर लिहिलेल्या जागांचे जवळून फोटो काढा आणि मला पाठवा. मी चुकलो असेन तर याच सदरात लिहीन.

आणि निघताना इटली स्टार दाखवा म्हणावं. असलं तर हातात घ्या, मागचं नाव वाचून दाखवा त्यांना. पुष्कळ घरांत ते कुणी वाचलेलंच नसतं. ते विकायला काढतील, कारण तुम्ही खंजीर नाकारलेला असेल आणि त्यांना पैशांची गरज असेल. नको म्हणा. बेळगावचा पत्ता लिहून द्या आणि त्या नंबरावरून आजोबांची नोंद मागवायला सांगा.